पोपटीतलं गुप्त मतदान

पेणच्या बाजारात भांबुर्ड्याच्या जुड्या दिसायला लागल्या, की सुनंदा मला दरवर्षी एकच वाक्य ऐकवते. "यंदा तोंड उघडायचं ते फक्त खायला."

सुनंदा माझी बायको. तिच्या या वाक्यामागे इतिहास आहे, आणि तो मीच घडवलेला असल्यामुळे मी निमूट मान हलवतो. मग एक जुडी उचलून एक पान बोटांत चुरगाळतो. भांबुर्डा म्हणजे खरं तर तण. भात निघालं की बांधावर आपोआप उगवणारं. वास मात्र असा, की ओवा, कापूर आणि ओली माती यांनी मिळून काहीतरी कट केला असावा. तो नाकात गेला की बाजार हळूहळू लांब सरकतो. भाजीवालीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. आणि मी निडीच्या शेतात, वालाच्या वेलांमध्ये, उतरत्या पिवळ्या उन्हात उभा असतो. हातात एक उघडलेली पुडी, तोंडही उघडंच, आणि समोर ताई.

आमच्याकडे हिवाळा थंडीने येत नाही. सुनंदा कपाटातून शाल काढते, तिला ऊन दाखवते आणि परत ठेवते, एवढीच आमची थंडी. हिवाळा कळतो तो रंगावरून. भात कापून झालं की शेतं काही दिवस बोडकी पडून राहतात, आणि मग एका सकाळी गाडीच्या खिडकीतून बघावं तर सगळीकडे वाल वर आलेला. त्याला कुणी पाणी देत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढतो. मला ते नेहमी झोपेत वाढल्यासारखं वाटतं. जोह्याच्या बाजूला गेलं तर कारखान्यांच्या मांडवात गणपती ओळीने बसलेले असतात, पांढरेशुभ्र, रंग नाही, डोळे नाहीत. डोळे शेवटी काढतात. तोवर ते सगळं ऐकतात आणि बघत काहीच नाहीत. माझ्या ओळखीत असे शहाणे तेवढेच.

मला मात्र लहानपणापासून मत सांगण्याचा आजार. कुणी विचारलं नाही तरी होतो, विचारलं तर बळावतो. त्यात मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणजे आजाऱ्यालाच औषधांचं दुकान काढून दिलं. लोकशाहीत प्रत्येकाने आपलं मत निर्भयपणे मांडावं, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय, की त्यातल्या 'निर्भयपणे'चा खडू अजून माझ्या नखांत असेल. एकदा अर्धी दाढी झालेली असताना मी आमच्या न्हाव्याला सांगितलं, की या खेपेला मी अमक्याला मत देणार. उरलेली दाढी त्याने फार शांतपणे केली. त्या दिवसापासून माझा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर आहे, आणि न्हावी बदलायची माझी हिंमत नाही.

यावरून माणूस काही शिकतो म्हणावं, तर नाही. उलट माझा सिद्धान्त पक्का झाला, की मत सांगण्यात भांडण नसतंच. भांडण असतं ते ऐकणाऱ्याच्या पोटात. आपण खिडकी उघडायची. कुणाला वारा लागला तर त्याने शाल घ्यावी.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शालिनी तिचं नाव. लग्न होऊन ती रोह्याला लागून असलेल्या वरशाला गेली. भाऊजी धाटावच्या एका कंपनीत होते. तीन शिफ्टमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि डावखुरे. जेवताना शेजारी बसलं की त्यांचं कोपर आपल्या कोपराला लागणार, हे ठरलेलं. ते मला मास्तर म्हणतात. त्यांचं मूळ घर निडीला, आणि तिथे वडिलोपार्जित शेत. ते शेत त्यांचे चुलतभाऊ दामूकाका कसतात. दर हिवाळ्यात, वालाच्या शेंगा भरल्या की एका रविवारी तिथे पोपटी. आम्ही दोघांनी दुपारच्या गाडीने पेणहून निघायचं, कासू, नागोठणे करत निडीला उतरायचं. ताई-भाऊजी वरशाहून स्कूटरवर यायचे. तीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

पोपटी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगून सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे, रताळी, ज्यांना चालते त्यांच्यासाठी केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा घट्ट बोळा. थेंबभर पाणी नाही. मडकं शेतातच पालथं घालायचं आणि त्याच्यावर पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायच्या. मग नुसतं बसायचं. झाकण उघडून बघता येत नाही, चमचा घालून ढवळता येत नाही. आतलं आत शिजत असतं आणि आपण बाहेर गप्पा मारत असतो. दामूकाका मधूनच मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. थेंब चर्र करून क्षणात उडाला, की म्हणतात, "झाली. काढा."

त्या वर्षी वरशाला ग्रामपंचायतीची निवडणूक होती. सरपंचपदाला दोघे उभे होते. एक भाऊजींचा माणूस, त्यांच्याच शिफ्टमधला जुना मित्र. दुसऱ्या एक अंगणवाडीच्या बाई. भाऊजींच्या घरी पत्रकांचे गठ्ठे, दारात झेंडा, खुर्च्यांवर माणसं. ताई चहा करून करून दमलेली. माझं तिथे मत नव्हतं. पेणच्या यादीत नाव असलेल्या माणसाने वरशाच्या सरपंचाची काळजी का करावी, असं कुणीही विचारील. पण मत नसलं म्हणून मत नसतं असं थोडंच आहे? गाडीतून उतरल्या उतरल्या मी भाऊजींना सांगून टाकलं, "मी असतो ना, तर बाईंनाच दिलं असतं."

"तुम्ही नाय आहात, ही देवाची कृपा हाय," भाऊजी म्हणाले आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. सगळे हसले. बघा, मी मनात म्हटलं, कुठे आहे भांडण?

त्या खुशीत मला कल्पना सुचली. पोपटीतच मतदान घ्यायचं. रताळं म्हणजे भाऊजींचा माणूस, बटाटा म्हणजे अंगणवाडीच्या बाई. पेंढ्याच्या उडवीमागे दोन टोपल्या ठेवल्या. एकेकाने मागे जायचं, हवं ते उचलायचं, केळीच्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपटाच्या धाग्याने बांधायचं आणि पुडी मडक्यात टाकायची. शिजेपर्यंत कुणाला काही कळणार नाही. रताळ्यांचे तुकडे बटाट्यांएवढेच कापायची खबरदारीसुद्धा मीच घेतली. बाहेरून हाताला फरक लागू नये! नागरिकशास्त्राचा इतका चविष्ट तास मी जन्मात घेतला नव्हता.

"तुझा भाऊ येडा हाय गो," दामूकाका ताईला म्हणाले.

"लहानपणापासून," ताई म्हणाली. ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती थोडा वेळ टोपल्यांकडे बघत राहिली. मग पदर खोचून उडवीमागे गेली, आणि येताना तिच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू होतं. शाळेत चिंचा लपवून आणायची तेव्हाचं. मला ते दिसलं. कळलं मात्र नाही.

आम्ही नऊ जण होतो. आम्ही दोघं, ताई-भाऊजी, दामूकाका, आणि भाऊजींचे कंपनीतले दोन मित्र, जोडीने. नऊ पुड्या मडक्यात गेल्या. जाळ लागला. धूर वालाच्या शेंड्यांवरून आडवा पसरला, पलीकडून एक मालगाडी गेली, आणि मला आठवतं, त्या वेळी मी फार सुखी होतो.

दामूकाकांचा हबका चर्र वाजला. मडकं फोडल्यासारखा वास सुटला. चटईवर शेंगांचा ढीग पडला आणि मी त्यातून पुड्या वेचून एकेक उघडायला बसलो, निवडणूक अधिकाऱ्याच्या थाटात. रताळं. रताळं. रताळं. भाऊजींच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. बटाटा. "हा आपला," मी छातीवर हात ठेवून म्हटलं. परत रताळं. असं करत आठ झाले. नववी पुडी उघडली, आणि दुसरा बटाटा निघाला.

"आयला! फितूर हाय कोणतरी आपल्यात!" भाऊजी गडगडाटी हसले. ते खरंच मजेत होते. त्यांनी एका मित्राकडे बोट दाखवलं, मित्राने बायकोकडे, तिने सुनंदाकडे. सुनंदा म्हणाली, "माझं रताळं. मला बटाट्याने वात होतो."

मी हातातल्या पुडीकडे बघत होतो. पान बाजूने फाटलं होतं, पण गाठ सुटली नव्हती. दोन वेढे, तिसरा उलटा, आणि टोक आत खोचलेलं, कुठे दिसत नाही असं. ही गाठ मी पहिलीत असल्यापासून ओळखतो. आई आजारी असायची तेव्हा ताई मला भाकरी केळीच्या पानात बांधून द्यायची आणि ती गाठ मला कधी सोडवता यायची नाही. मी दातांनी पान फाडायचो. अबोलीच्या वेणीलाही तिची तीच गाठ. चाळीस-पन्नास वर्षं एकदम हातात आली हो! मला इतका आनंद झाला, की मी ओरडलो, "अरे, ही तर आमच्या ताईची गाठ!"

पुढचं सगळं अजूनही स्वप्नातल्यासारखं सावकाश दिसतं. भाऊजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी दिवा काढून नेला. निखाऱ्यात एक शेंग फुटली. ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपलीच एखादी वस्तू दुसऱ्याच्या अंगणात पडलेली दिसावी, तसं.

"असं व्हय," भाऊजी म्हणाले. एक शेंग उचलली, सोलली, दाणे तोंडात टाकले.

दर वर्षी निघताना ताई मला उरलेल्या शेंगा केळीच्या पानात बांधून द्यायची. त्या दिवशी दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती. तोंड उघडं. ती स्टेशनपर्यंत आली. गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघंच, सुनंदा मुद्दाम लांब उभी.

"रागावलीस?"

"नाय रे."

"अगं, पण त्यात लपवण्यासारखं काय होतं? मत म्हणजे काय चोरी आहे?"

"चोरी नाय. पण माझं होतं ना, बाळू?" ती रुळांकडे बघत म्हणाली. "मी सांगितलं असतं तर ती गोष्ट वेगळी. तू सांगितलंस. आता तू गाडीत बसून जाशील. मला त्याच घरात जायचंय."

गाडी आली. मी बसलो. खिडकीतून वाल मागे मागे जात होता आणि सुनंदा एक शब्द बोलत नव्हती, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला नागोठण्याच्या आत समजलं.

भाऊजी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं ताई फोनवर म्हणाली. प्रत्येक निवडणुकीला ते सकाळी आंघोळ करून म्हणायचे, "चल, आपलं मत टाकून येऊ," आणि दोघं एका स्कूटरवर शाळेत जायची. त्या वेळी ते एकटे गेले. ताई दुपारी चालत गेली. एवढंच. पण तीस वर्षं मागची सीट रिकामी गेली नव्हती. आठवड्याभराने त्यांनी विचारलं, "त्याने गल्लीत नळ आणला, तरी तू नाय दिलंस?" ताई म्हणाली, "नळ आणला. पाणी पहाटे साडेतीनला येतं. तुम्ही शिफ्टवरून येऊन झोपलेले असता. भरतं कोण, ते विचारलंत कधी?"

निवडून कोण आलं, ते मला आता आठवत नाही. खोटं वाटेल, पण सुनंदालाही आठवत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पोपटीचं बोलावणं आलं नाही. "यंदा भांबुर्डा कमी हाय," ताई म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी, "दामूकाकांच्या गुडघ्याचं दुखणं निघालंय." मी पेणच्या बाजारात भांबुर्ड्याच्या ढिगासमोर उभा राहून फोन कानाला लावायचो आणि म्हणायचो, "हो का, बरं बरं." दिवाळी, भाऊबीज होत होती. ताई ओवाळत होती, लाडू देत होती. पण डब्यात. गाठ मारलेलं काही माझ्या हातात येत नव्हतं.

त्या दोन हिवाळ्यांत मी पुष्कळ विचार केला. मास्तर माणूस, दुसरं काय करणार? सकाळी भोगावतीच्या पुलावर फिरायला जायचो. नदीवर धुकं असायचं, पूल अर्धाच दिसायचा, आणि अर्ध्या पुलावर माझा सिद्धान्त काही टिकायचा नाही. खिडकी उघडायची म्हणे! मी आयुष्यभर उघडली ती स्वतःची. वारा लागला तर माझा कल्ला गेला, बोटभर. मी मत सांगितलं की भाऊजी धपका घालतात, कारण मी पाहुणा. संध्याकाळच्या गाडीने जाणारा. ज्याला परत जायची गाडी आहे त्याला निर्भय राहणं सोपं. ताईला गाडी नव्हती. तिने घरात सगळं सगळ्यांचं केलं होतं, सगळ्यांना व्हय म्हटलं होतं, चहा दिला होता, पत्रकांचे गठ्ठेसुद्धा बांधले होते, त्याच गाठीने. आणि पाच वर्षांतून एकदा, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, एक बटण तिचं स्वतःचं होतं. ते वालासारखं होतं. कुणी न घातलेल्या पाण्यावर, आतल्या आत वाढलेलं. मी ते उपटून सगळ्यांना मूळ दाखवलं आणि वर टाळी मागितली.

मग मत सांगणं म्हणजे भांडण का? मला वाटतं, नाही. पण ते पोपटीच्या मडक्यासारखं आहे. कधी काढायचं ते ज्याने जाळ सोसला त्याने ठरवायचं. बाजूला बसून शेंगांची वाट बघणाऱ्याने नाही.

यंदा फोन आला तो भाऊजींचा. ते आता निवृत्त झालेत. परत कसलीशी निवडणूक जवळ आलेली, पेणच्या नाक्यावर फलकांनी आकाश झाकलेलं.

"मास्तर, रविवारी या."

"येतो ना! काय विशेष?"

"मतदान हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ या. मार खाल्लास तर मी आहे."

निडीला उतरलो तर ती दोघं आमच्या आधी आलेली. बांधावर स्कूटर उभी होती, आणि ताईच्या पदराला मागच्या सीटवरची धूळ होती. उडवीमागे दोन टोपल्या. रताळी यंदाही भाऊजींच्या माणसाची, बटाटे समोरच्याचे. तुकडे सारख्या मापाचे. चटईवर केळीची पानं आणि सोपटाचे धागे भिजत घातलेले. भाऊजी मांडी घालून बसले होते.

"आधी गाठ शिकायची," ते म्हणाले. "सगळ्यांनी. ज्याला येणार नाय त्याला मत नाय."

"कुठली गाठ?" मी विचारलं, उगाचच.

"हिची."

त्यांनी करून दाखवली. जाड, कंपनीच्या हातमोज्यांत पिचलेली बोटं. दोन वेढे. तिसरा उलटा. टोक आत. पावसाळाभर ओटीवर बसून शिकलेत, असं ताई हळूच म्हणाली. पहिले काही दिवस धागा तोडून फेकून द्यायचे. मग एक दिवस म्हणाले, गाठ सगळ्यांना आली की तुझी कुठली ते कोणाला कळणार नाय. एवढं बोलून अंगणात गेले आणि झाडाला पाणी घालत बसले. झाडाला आधीच घातलेलं होतं.

मग ताईने तास घेतला. दामूकाकांच्या गुडघ्याला खरंच काही झालेलं नव्हतं, बोटं मात्र कामातून गेलेली. ते शिव्या देत होते, ताई त्यांच्या हातावर चापट्या मारत होती, भाऊजींचे मित्र गाठीत स्वतःचंच बोट बांधून घेत होते. मला ती गाठ आयुष्यात पहिल्यांदा घालता आली. सोडवता अजूनही येत नाही.

एकेक जण उडवीमागे जाऊन आला. मडकं पालथं पडलं. जाळ, धूर, चर्र. चटईवर ढीग पडला आणि त्यात नऊ पुड्या, सगळ्यांना एकच गाठ.

मी सवयीने पुढे झालो. भाऊजींनी माझा हात धरला. "मोजायचं नाय, मास्तर. खायचं."

प्रत्येकाने हाताला येईल ती उचलली. माझ्या हाताला जी आली ती जरा सैल होती. दोन वेढे बरोबर. पण तिसरा वळसा आमच्या सगळ्यांच्या उलट बाजूने गेला होता, आणि टोक डावीकडून खोचलेलं. नऊ जणांत डावखुरा एकच.

धूर सरळ वर जात होता. वाल गप्प होता. भाऊजी ताईला शेंगा सोलून देत होते, माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. माझ्या घशाशी एक वाक्य येऊन बसलं, अगदी त्या दिवसासारखं, आनंदाने फुगलेलं. मी पान दातांनी फाडलं, डोळे मिटले, आणि आतलं जे होतं ते सालासकट तोंडात कोंबलं. गरम होतं. जीभ भाजली. रताळं कुठलं आणि बटाटा कुठला, हे डोळे मिटूनही कळतंच.

डोळे उघडले तर ताई माझ्याकडे बघत होती. तेच चिंचांचं हसू.

"काय रे बाळू, काय निघालं?"

"मीठ बरोबर पडलंय," मी म्हटलं.

निघताना तिने माझ्या हातात केळीच्या पानाची पुडी ठेवली. गाठ घट्ट होती. पेण येईपर्यंत मी ती मांडीवर धरून बसलो होतो. सुनंदाने दोनदा विचारलं, पोपटीतल्या त्या पुडीत काय होतं रे तुझ्या? तुम्हीही विचाराल. मीठ, सांगितलं ना, बरोबर होतं.